‘सामान्य माणसाचं युग’ म्हणजे नक्की कोणत्या माणसाचं? अमेरिकेतला सुरुवातीचा मताधिकार

रारिटनकाठ (मूळ पोस्ट)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेक आठवीत आहे आणि तिला इतिहासात अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळावर प्रकल्प करायचा आहे. पुस्तकातल्या प्रकरणाचं नाव ‘सामान्य माणसाचं युग’. १८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत साडेतीन लाखांच्या वर मतं पडली, १८२८ ला साडेअकरा लाख, १८४० ला चोवीस लाख. लेकीने छान तक्ता केला, डावीकडून उजवीकडे वर चढत जाणारी लाल रेघ. खाली लिहिलं, ‘मताधिकार वाढत गेला.’

परवा फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनने शोधून काढलेल्या जुन्या मतदार याद्या आम्ही दोघींनी नेटवर पाहिल्या. त्यात आमच्या जवळच्याच मॉन्टगोमेरी टाउनशिपची १८०१ ची यादी आहे. तिच्यात किमान ४६ बायकांची नावं आहेत! बायकांना देशभर मत देणाऱ्या घटनेच्या एकोणिसाव्या दुरुस्तीच्या तब्बल ११९ वर्षं आधी. लेक यादीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आई, बायका आधी मत देत होत्या आणि नंतर देत नव्हत्या, तर माझी रेघ वरच कशी जाते?”

मला उत्तर देता आलं नाही. विचार केल्यावर वाटतं की ‘वाढला’ हा शब्दच अपुरा आहे. काहींसाठी दार उघडलं आणि त्याच वेळी, बहुतेकदा त्याच कायद्याने, काहींसाठी बंद झालं. तुम्ही हे तेरा वर्षांच्या मुलीला कसं सांगाल? जाणकारांनी लिहावं. दुरुस्त्याही कराव्यात, मी काही इतिहासाची अभ्यासक नाही.

खडीसाखर

वाचनखूण साठवली आहे. संध्याकाळी निवांत वाचते. लेकीला शाबासकी द्या, प्रश्न एक नंबर आहे.

बोरूबहाद्दर

उत्तम विषय. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण आपल्याकडे अमेरिकन क्रांती म्हणजे चहाची खोकी समुद्रात टाकली इथपासून सुरू होऊन वॉशिंग्टन अध्यक्ष झाला इथे संपते. त्यानंतर मत कोणी दिलं हे कुठल्या पुस्तकात येत नाही.

पहिली गोष्ट लेकीला ही सांगा की १७८७ च्या राज्यघटनेने कोणालाच मताधिकार दिला नाही. घटना एवढंच म्हणते की राज्याच्या विधिमंडळाच्या मोठ्या सभागृहासाठी ज्याला मत देता येतं, त्याला प्रतिनिधिगृहासाठीही देता येईल. म्हणजे निर्णय राज्यांकडे. त्यामुळे ‘अमेरिकेत मताधिकार कधी मिळाला?’ याला एक उत्तर नाही, जितकी राज्यं तितकी उत्तरं.

बहुतेक वसाहतींत अट मालमत्तेची. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा असेल तर मत. व्हर्जिनियात क्रांतीनंतरच्या १७८५ च्या कायद्याप्रमाणे वस्ती नसलेली ५० एकर जमीन, किंवा घर असलेली २५ एकर, नाहीतर गावात घराची जागा. युक्तिवाद इंग्लंडहून आलेला: ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही तो दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणार, मालक सांगेल तिथे मत देणार, म्हणून त्याला मत देणं म्हणजे मालकाला दोन मतं देणं.

क्रांतीने त्याला तडे गेले. पेनसिल्व्हेनियाने १७७६ मध्ये जमिनीची अट काढून कर भरणाऱ्या पुरुषांना मत दिलं. व्हरमाँटने १७७७ मध्ये कराचीही अट ठेवली नाही. केंटकी १७९२ मध्ये नवं राज्य म्हणून आली, तीही तशीच. डोंगरापलीकडच्या नव्या राज्यांना माणसं हवी होती, आणि तिथे जमिनींच्या मालकीचे कागद इतके गोंधळाचे होते की सातबारा बघून मत द्यायचं म्हटलं तर मतदान केंद्रावर दिवाणी न्यायालयच बसवावं लागलं असतं.

उलट टोकाला जॉन अॅडम्स, पुढे अध्यक्ष झाला तो. मे १७७६ मध्ये जेम्स सलिव्हनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की एकदा ही अट सैल केली की याला अंत राहणार नाही. बायका मत मागतील, बारा ते एकवीस वयाची पोरं म्हणतील आमच्या हक्कांकडे लक्ष नाही, आणि खिशात दमडी नसलेला प्रत्येक जण बरोबरीचा आवाज मागेल. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा सहा आठवडेही उरले नव्हते.

मधलीआळी

बोरूसर, अॅडम्सने भीती म्हणून लिहिलं ते सगळं खरं झालं की! १८ वर्षांच्या पोरांनाही १९७१ मध्ये मिळालं.

मालमत्तेच्या अटीवरून बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर सांगतात ती गाढवाची गोष्ट लेकीला नक्की सांगा. एका माणसाकडे पन्नास डॉलरचं गाढव आहे, म्हणून त्याला मत आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत गाढव मरतं. दरम्यान माणूस शहाणा झालाय, जगाचा अनुभव वाढलाय, पण मत गेलं. आता सांगा, मत माणसाचं होतं की गाढवाचं?

तिरकीमांडी

म्हणजे मतदार यादीत नाव गाढवाचं आणि माणूस नुसता त्याला केंद्रावर घेऊन येणारा :)

वळचण

हसू आलं, पण मला ही गोष्ट फार जवळची वाटली. मी पुण्यात एका सोसायटीत नऊ वर्षं भाड्याने राहते. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर किती मागवायचे, लिफ्ट कधी बदलायची, वॉचमनला काढायचं का, सगळे निर्णय सर्वसाधारण सभेत होतात आणि मत फक्त मालकांना. अर्ध्या मालकांनी इथे कधी बादलीभर पाणी भरलेलं नाही. एकदा मी सभेत उभी राहून बोलायला लागले तर अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, “ताई, तुम्ही भाडेकरू, तुमचं म्हणणं मालकांमार्फत पाठवा.” त्या दिवशी घरी येऊन रडले होते.

मला नियम कळतो. पैसे ज्याचे गुंतलेत त्याचं मत, ठीक आहे. पण ‘पैसे गुंतणं’ आणि ‘आयुष्य गुंतणं’ यात कुठलं मोठं, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. तिथल्या बिनजमिनीच्या लोकांनी याला काय उत्तर दिलं होतं, कोणी सांगेल का?

बोरूबहाद्दर

वळचण, दिलं होतं आणि फार जोरकस दिलं होतं. १८२९ मध्ये व्हर्जिनियाची घटना बदलायला रिचमंडमध्ये परिषद भरली. मॅडिसन आणि मन्रो हे दोन माजी अध्यक्ष आणि सरन्यायाधीश जॉन मार्शल, सगळे तिथे सभासद. रिचमंड शहरातल्या बिनजमिनीच्या नागरिकांनी परिषदेला अर्ज दिला, आणि तो मांडला मार्शलनेच, जो स्वतः त्या मागणीच्या बाजूचा नव्हता. अर्जाचा आशय असा की शांततेच्या काळात आम्हाला मतदान केंद्रावरून अपमान करून हाकललं, पण युद्धाच्या वेळी रणांगणावर मात्र उदारपणे बोलावलं. सैन्याची हजेरी घेताना जमिनीची यादी कोणी काढली नव्हती.

ब्रिटनशी झालेलं १८१२ चं युद्ध ताजं होतं, त्यामुळे हा मुद्दा टोचणारा होता. तरी १८३० च्या घटनेने अट फक्त सैल केली. पूर्ण काढायला १८५१ उजाडलं, तीही फक्त गोऱ्या पुरुषांसाठी.

घाटमाथा

थोडा विरोधी सूर लावतो. धाग्याचा रोख असा होतोय की जॅक्सनच्या काळातलं लोकशाहीकरण म्हणजे नुसता देखावा. तसं नव्हतं हो!

काळाच्या संदर्भात बघा. १८३२ च्या मोठ्या सुधारणा कायद्यानंतरही इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांपैकी पाचातल्या एखाद्यालाच मत होतं. तिथले मताधिकार मागणारे चार्टिस्ट लाखोंच्या सह्या घेऊन पार्लमेंटकडे जायचे आणि हात हलवत परत यायचे. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या गोदीत पोती वाहणारा आयरिश हमाल नागरिक झाला की सरळ मत देत होता. जगात दुसरीकडे कुठे होतं हे एवढ्या प्रमाणावर?

आणि ते फुकट मिळालं नाही. १८२१ ला ऑल्बनीत न्यूयॉर्कची घटना परिषद भरली तेव्हा चॅन्सेलर जेम्स केंट, राज्यातला सगळ्यात मोठा कायदेपंडित, उभा राहून सांगत होता की निदान राज्याचं सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, तरी जमीनदारांच्या हाती ठेवा, नाहीतर न्यूयॉर्क शहरातले बिनमालमत्तेचे लोक राज्य गिळतील. त्याला हरवून कर भरणारे, मिलिशियात म्हणजे नागरी सैन्यात गेलेले, इतकंच काय रस्त्याच्या कामावर राबलेले पुरुषही मतदार झाले. १८२६ ला त्याही अटी गेल्या. अध्यक्षाचे इलेक्टर, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षाला मत देणारे, कोणी निवडायचे तेही बघा: १८२४ ला २४ पैकी ६ राज्यांत विधिमंडळ निवडायचं, १८३२ ला फक्त साउथ कॅरोलिना उरली. १८४० ला पात्र मतदारांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी मत दिलं. आपल्याकडे शहरांत निम्मं मतदान झालं तरी आपण टाळ्या वाजवतो.

लेकीची रेघ चुकीची नाही. अपुरी आहे, एवढंच.

पागोळी

घाटमाथा, तुमच्या प्रतिसादातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. आणि तरीही न्यूयॉर्कचं उदाहरण तुम्ही अर्ध्यावर सोडलंत म्हणून लिहावंच लागतंय.

त्याच १८२१ च्या परिषदेत घटनेत ‘गोरा’ हा शब्द घालायचा ठराव आला. तो थोडक्या मतांनी पडला. जॉन जे यांचा मुलगा पीटर जे त्याच्याविरुद्ध तळमळीने बोलला. मग दुसऱ्या दाराने तेच आणलं: काळ्या पुरुषाला मत हवं असेल तर २५० डॉलरची जमीन हवी. गोऱ्याला रस्त्यावर खडी टाकली तरी पुरे, काळ्याला २५० डॉलर! आधी अट दोघांना सारखी होती. १८२६ ला गोऱ्यांच्या उरलेल्या अटी गेल्या तेव्हाही हे २५० डॉलर तसेच राहिले. १८४६, १८६० आणि १८६९, तीनदा सार्वमत घेतलं आणि तिन्ही वेळा न्यूयॉर्कच्या मतदारांनी ती अट राखली. म्हणजे मध्ये यादवी युद्ध होऊन गेलं, लाखो माणसं मेली, गुलामगिरी संपली, तरी नाही.

आता नकाशावर बघा. मेरीलँडने १८०२ ला मालमत्तेची अट काढली आणि मत गोऱ्यांपुरतं केलं. कनेक्टिकट १८१८, तोच प्रकार. बोरूसरांनी म्हटलेल्या केंटकीत १७९२ ला स्वतंत्र काळ्या पुरुषांना बंदी नव्हती, १७९९ च्या घटनेने घातली. टेनेसी १८३४, नॉर्थ कॅरोलिना १८३५. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये ‘गोरा’ शब्द घातला, तेव्हा फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट पर्विसने चाळीस हजार नागरिकांच्या वतीने जाहीर आवाहन लिहिलं की आमचा हक्क काढून घेऊ नका. काढलाच. यादवी युद्धाच्या तोंडावर काळ्या पुरुषांना गोऱ्यांच्या बरोबरीने मत होतं ते फक्त पाच राज्यांत, सगळी न्यू इंग्लंडमधली: मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड.

पूर्वी कुंपण मालमत्तेचं होतं. गरीब गोरा आणि गरीब काळा दोघेही त्याच्या बाहेर, आणि थोडी जमीन असलेला काळा माणूस आत. मग कुंपण हललं आणि रंगाच्या रेषेवर बसलं. माझ्या मते ‘सामान्य माणूस’ या शब्दाचा अर्थ त्या वेळी ठरला, आणि तो ठरवताना कोणाला तरी बाहेर काढावं लागलं.

घाटमाथा

पागोळी, मान्य. तीन सार्वमतांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. १८६९ ला पण? वाचून वाईट वाटलं.

खडीसाखर

आता पूर्ण वाचलं. रारिटनकाठ, त्या ४६ बायकांचं पुढे काय झालं ते सांगा ना. मला तेच जाणून घ्यायचं आहे.

रारिटनकाठ

सगळ्यांचे आभार. इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. खडीसाखर, न्यू जर्सीची गोष्ट अशी.

१७७६ च्या आमच्या राज्याच्या घटनेत मतदार म्हणजे ५० पौंडांची मालमत्ता असलेले ‘सगळे रहिवासी’. पुरुष हा शब्द नाही, गोरा हा शब्द नाही. चुकून राहिलं असं म्हणावं तर १७९० च्या निवडणूक कायद्यात काही काउंट्यांसाठी मतदाराबद्दल चक्क ‘तो किंवा ती’ असं लिहिलंय, आणि १७९७ ला ते सगळ्या राज्याला लागू केलं. बायकांत मत मुख्यतः अविवाहित आणि विधवांना, कारण लग्न झालं की कायद्याने बायकोची मालमत्ता नवऱ्याची, मग ५० पौंड आणणार कुठून? स्वतंत्र काळे पुरुषही मत देत होते.

मग फेब्रुवारी १८०७. एसेक्स काउंटीचं कोर्ट नेवार्कला बांधायचं की एलिझाबेथटाउनला, यावर मतदान झालं. दोन गावांची ईर्षा इतकी की पात्र मतदारांपेक्षा मतं जास्त पडली. एकेकाने कित्येकदा मत दिलं, पोरांनी दिलं, आणि पुरुष बायकांचे कपडे घालून पुन्हा मत द्यायला आले अशाही तक्रारी झाल्या. निकाल रद्द करावा लागला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाने भ्रष्टाचार थांबवायचा म्हणून कायदा केला: मत फक्त स्वतंत्र, गोऱ्या, पुरुष नागरिकाला. लबाडी दोन्ही गावांतल्या पुढाऱ्यांनी केली, शिक्षा बायकांना आणि काळ्यांना.

लेकीला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. त्याच कायद्याने असंही ठरवलं की ज्या गोऱ्या पुरुषाचं नाव कराच्या यादीत आहे, त्याच्याकडे ५० पौंड आहेत असं समजावं. म्हणजे गरीब गोऱ्या पुरुषांसाठी अट जवळजवळ गेली. एकाच कागदावर, एकाच दिवशी. पागोळी म्हणतात तो कुंपण हलण्याचा क्षण आम्हाला आमच्याच राज्यात, तारखेसकट सापडला.

तिरकीमांडी

बायकांचे कपडे घालून मतदान! आमच्या गावच्या ग्रामपंचायतीतही इतकी तयारी नव्हती. मटण आणि रात्रीची ‘व्यवस्था’ एवढ्यावर भागायचं.

बोरूबहाद्दर

तिरकीमांडी, ‘व्यवस्था’ तिथेही होती. जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर निवडून आला तेव्हा तो स्वतः सरहद्दीवर लष्करात होता. त्याच्या माणसांनी मतदारांना सुमारे १६० गॅलन रम, पंच, वाइन आणि बिअर पाजली. मतं पडली तीनशेच्या वर. माणशी हिशोब तुम्हीच करा. उलट जेम्स मॅडिसनने १७७७ ला तत्त्व म्हणून कोणाला पाजलं नाही आणि हरला, तोही एका खानावळवाल्याकडून.

विषयांतर वाटेल, पण मूळ मुद्द्याशी याचा संबंध आहे. मतदान गुप्त नव्हतं. व्हर्जिनिया, केंटकीत मतदार सगळ्यांसमोर तोंडाने नाव सांगायचा, आणि समोर उमेदवार नाहीतर सावकार उभा. इतरत्र कागदी चिठ्ठ्या आल्या, पण त्या पक्ष स्वतः छापायचे, रंगीत, दुरून ओळखू याव्यात अशा. गुप्त मतपत्रिका ऑस्ट्रेलियाकडून घेतली ती १८८८ नंतर. म्हणजे मालकाच्या दबावाचा जो बहाणा गरिबांना मत न देण्यासाठी होता, त्यावरचा साधा उपाय शंभर वर्षं कोणी केला नाही.

कातळशिल्प

मी आत्ता धागा पाहिला. गेली बारा वर्षं प्रॉव्हिडन्सला आहे, आणि ऱ्होड आयलंडचा उल्लेख पागोळींनी एका ओळीत संपवला म्हणून लिहायला बसलो. इथली गोष्ट कळल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

क्रांतीनंतर बहुतेक राज्यांनी नव्या घटना केल्या. ऱ्होड आयलंडने केली नाही. १६६३ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने दिलेली सनद तशीच चालू ठेवली. मत १३४ डॉलरची जमीन असणाऱ्याला आणि त्याच्या थोरल्या मुलाला. शेतीच्या दिवसांत ते चालून गेलं. मग कापडगिरण्या आल्या, लोक जमीन सोडून गिरणीत आले, आणि १८४० पर्यंत निम्म्याहून अधिक गोरे पुरुष मताविना. विधिमंडळात न्यूपोर्टला ६ जागा, कितीतरी मोठ्या झालेल्या प्रॉव्हिडन्सला ४, कारण सनदेत तसं लिहिलंय. घटना दुरुस्त करायची तर ती कोण करणार? ज्यांच्याकडे मत आहे तेच.

थॉमस विल्सन डॉर हा श्रीमंत घरातला, हार्वर्ड शिकलेला वकील. त्याला स्वतःला मताची अडचण नव्हती. त्याने आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, सत्ता लोकांची असेल तर लोकच घटना करतील, परवानगी कशाला? ऑक्टोबर १८४१ मध्ये लोकांची परिषद भरली, डिसेंबरमध्ये सार्वमत झालं आणि जवळपास १४ हजार जणांनी नव्या घटनेला होकार दिला. एप्रिल १८४२ मध्ये या एवढ्याशा राज्याला दोन राज्यपाल होते: सनदेनुसार सॅम्युअल वॉर्ड किंग आणि लोकांच्या घटनेनुसार डॉर.

मे महिन्यात एका रात्री डॉर दोन जुन्या तोफा घेऊन प्रॉव्हिडन्सच्या शस्त्रागारावर गेला. दाट धुकं. आत राखण करणाऱ्यांत त्याचे स्वतःचे वडील होते. तोफांना बत्ती दिली, त्या उडाल्याच नाहीत. पहाटेपर्यंत माणसं पांगली. जूनमध्ये चेपाचेटला शेवटचा प्रयत्न, तोही फसला. डॉर पळाला, पुढच्या वर्षी स्वतःहून परत आला. १८४४ ला राजद्रोहाबद्दल जन्मठेप, सक्तमजुरीसह. लोकांनी इतका आवाज उठवला की १८४५ ला सोडावं लागलं. १८५४ मध्ये वारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ल्यूथर विरुद्ध बॉर्डन, १८४९. न्यायालयाने हात वर केले: दोनांतलं खरं सरकार कोणतं हा राजकीय प्रश्न आहे, आमचा नाही.

इथवर डॉर नायक. आता दुसरी बाजू. लोकांच्या घटनेत मत फक्त गोऱ्या पुरुषांना होतं. प्रॉव्हिडन्सच्या काळ्या नागरिकांनी परिषदेकडे दाद मागितली, डॉर व्यक्तिशः त्यांच्या बाजूचा होता, पण त्याच्या सहकाऱ्यांनी ऐकलं नाही. तेव्हा तीन वर्षांपूर्वी गुलामीतून पळून आलेला एक तरुण राज्यभर फिरून या घटनेविरुद्ध बोलत होता. त्याचं नाव फ्रेडरिक डग्लस, पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचा मोठा नेता झाला तो. आणि बंडाच्या वेळी काळे पुरुष सनदवाल्या सरकारच्या बाजूने बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभे राहिले. सरकारने त्याची परतफेड केली. १८४२ अखेरच्या नव्या घटनेत काळ्या पुरुषांना मत मिळालं. पागोळींच्या यादीत ऱ्होड आयलंड आहे ते या वाटेने.

ती परतफेडसुद्धा कोणाच्या तरी खिशातून केली. नागरिक झालेल्या परदेशी माणसासाठी, म्हणजे मुख्यतः गिरणीतल्या आयरिश कामगारासाठी, १३४ डॉलरची जमीन तशीच ठेवली, ती थेट १८८८ पर्यंत. घाटमाथा, तुमचा न्यूयॉर्कचा हमाल बोटीने इथे आला असता तर त्याचं मत गेलं असतं.

मी डॉरबद्दल वर्षानुवर्षं विचार करतोय. त्याचा प्रश्न बरोबर होता असं मला मनापासून वाटतं. पण त्याने ‘लोक’ म्हटलं तेव्हा शेजारच्या गल्लीतली माणसं त्यात धरली गेली नाहीत, आणि म्हणून ती समोरच्या बाजूला गेली. त्यांना दोष देणं मला जमत नाही.

वळचण

कातळशिल्प, अंगावर काटा आला. वडील आत आणि मुलगा बाहेर तोफ घेऊन.

घाटमाथा

जबरदस्त प्रतिसाद. हा वेगळा धागा व्हायला हवा. पुढील लेखनाला शुभेच्छा.

हिरवंपान

परदेशी माणसाच्या मताचा विषय निघाला म्हणून. मी टेक्सासमध्ये चौदा वर्षं आहे, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. घर माझं, शाळेचा कर भरतो, दोन्ही मुलं त्याच शाळेत, पण शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत नाही. इथे तर मालमत्ता आहे आणि मत नाही, वळचणताईंच्या बरोबर उलट! जुन्या काळात सगळीकडे नागरिकत्वाची अट होती का?

पागोळी

नव्हती. विस्कॉन्सिनने १८४८ ला राज्य होताना नियम केला की गोऱ्या परदेशी पुरुषाने ‘मला नागरिक व्हायचंय’ असं शपथेवर नोंदवलं की मत. मिशिगन १८५०, इंडियाना १८५१. वस्ती वाढायला हवी होती. शेवटी आर्कान्सामध्ये हे १९२६ पर्यंत चाललं. आजही मेरीलँडच्या टाकोमा पार्क गावात नागरिक नसलेल्यांना गावच्या निवडणुकीत मत आहे, १९९२ पासून.

बोरूबहाद्दर

नागरिकत्वाची अट मला योग्य वाटते, हिरवंपान. निर्णय चुकला तर गाशा गुंडाळून परत जाता येणाऱ्याचं मत आणि तिथेच मरणाऱ्याचं मत यात फरक हवा.

हिरवंपान

सर, चौदा वर्षांत गाशा गुंडाळायची ताकद कोणात उरते? मुलं मराठीत भांडतसुद्धा नाहीत. तुमचा मुद्दा समजतो, पण पटत नाही.

मधलीआळी

आपल्याशी असलेला एक धागा राहिला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. पुण्यात बसून त्यांचं तिकडे लक्ष होतं. आणि १९१३ ते १६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सगळ्या प्रौढांना मत मागितलं, तेव्हा आपल्याकडे शेतसारा आणि मालमत्ता बघूनच मत मिळत होतं. शिक्षण नाही, मालमत्ता नाही म्हणून मत नको, हे बोलणारे इथेही खूप होते.

पागोळी

आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. मॉन्टगोमेरीच्या यादीत नावानिशी असलेल्या ४६ जणी वाचताना मला त्या आठवल्या.

खडीसाखर

मंडळी, मूळ प्रश्न राहिला. तेरा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं?

वळचण

मी सांगू? एक रेघ नको, माणसं घ्या. १८०० मध्ये न्यू जर्सीतली विधवा, न्यूयॉर्कमधला थोडी जमीन असलेला काळा न्हावी, व्हर्जिनियातला बिनजमिनीचा गोरा सुतार, प्रॉव्हिडन्सचा गिरणी कामगार. प्रत्येकाची आपली रेघ. दर दहा वर्षांनी विचारायचं, आज याला मत आहे का? कोणाची वर जाईल, कोणाची तुटेल, कोणाची तुटून पुन्हा जोडली जाईल.

घाटमाथा

+१. आणि माझी विनंती, चोवीस लाखांची मूळ लाल रेघ काढू नका. तीही राहू द्या.

रारिटनकाठ

लाल रेघ ठेवली आहे, घाटमाथा! वळचण, तुमची कल्पना लेकीने उचलली. आता तक्त्यावर सहा रंग आहेत. हिरवंपान यांच्यासारखा विस्कॉन्सिनचा एक नवखा जर्मन शेतकरीही आला आहे.

काल रविवारी आम्ही पर्थ अँबॉयला गेलो, आमच्या घरापासून वीसेक मिनिटं. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात थॉमस मंडी पीटरसन यांची कबर आहे. जन्म १८२४, शेजारच्या मटचनचा. इथल्या शाळेची देखभाल करायचे. वंश किंवा रंगावरून मत नाकारायला बंदी करणारी घटनेची पंधरावी दुरुस्ती संमत झाल्याची घोषणा ३० मार्च १८७० ला झाली आणि दुसऱ्याच दिवशी पर्थ अँबॉयमध्ये गावच्या सनदेवर मतदान होतं. पीटरसन गेले आणि मत देऊन आले. त्या दुरुस्तीखाली मत देणारे देशातले पहिले काळे नागरिक. पुढे गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना सोन्याचं पदक दिलं, त्यावर लिंकनचं चित्र.

ज्या राज्याने १८०७ ला मत काढून घेतलं, त्याच राज्यात. लेकीने कबरीपाशी वही काढून वजाबाकी केली, त्रेसष्ट वर्षं. त्या रंगाच्या रेघेत तिने तेवढं अंतर मोजून रिकामं सोडलं आहे. बायकांच्या रेघेतली मोकळी जागा इतकी लांब आहे की तक्त्याला उजवीकडे अजून एक कागद चिकटवावा लागला.

खडीसाखर

फोटो टाका ना तक्त्याचा.

रारिटनकाठ

मंगळवारी शाळेत द्यायचा आहे. गोंद वाळला की टाकते.